परवाचं म्हावरं

हर्णैच्या बंदरावर रेंज धड मिळते ती
बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या पायरीवर.
भरतीला जास्त मिळते, असं जनू टेमकर म्हणतो.
मी महिनाभर ताडून पाहिलं. तसं काही नाही.

रात्रपाळीत लाद्या गोठायला वेळ लागतो.
आत कॉम्प्रेसर धडधडत असतो, मी पायरीवर बसतो
आणि हॉलंडातल्या एका संग्रहालयात शिरतो.
तिकीट नाही, मागे व्हा म्हणणारा रखवालदार नाही.
दोन बोटं काचेवर टेकून फाकवली
की चित्र जवळ येतं,
इतकं जवळ की चित्रच उरत नाही:
लिंबाच्या सालीवरचा एक पांढरा ठिपका,
त्यात कुंचल्याच्या केसांचे ओरखडे,
त्याखाली भेगा,
आपल्या सड्यावर मे महिन्यात पडतात तशा.

शाळेत चित्रकलेला मिराशी गुरुजी होते.
त्यांच्याकडे परदेशी चित्रांचं एकच पुस्तक,
कसर लागलेलं, काळंपांढरं.
सूर्यास्तसुद्धा करडा.
'हा लाल आहे बरं का,' ते बोट ठेवून सांगायचे
आणि आम्ही मानून घ्यायचो.
गुरुजी गेल्यावर सहा वर्षांनी
मला तो लाल सापडला, पहाटे तीन वाजता.
लाल नव्हताच तो. विटकरी होता,
कडेला चक्क हिरवा.
सांगायला कुणी नव्हतं म्हणून जनूला उठवलं.
तो म्हणाला, लादी निघाली का?

द्रौपदा चोगले लिलावाआधी बर्फ न्यायला येते.
त्या दिवशी माझ्या फोनवर मासे होते,
साडेतीनशे वर्षांपूर्वीचे,
तांब्याच्या टोपाशेजारी रचून ठेवलेले.
'काय बघतंस रं' म्हणत तिनं फोन ओढला.
मी सांगायला लागलो,
उजेड बघ कसा डावीकडून येतोय,
याला स्थिरचित्र म्हणतात,
सगळं नाशवंत आहे असा याचा अर्थ...
ती ऐकत नव्हती.
ओल्या बोटानं तिनं पाकट मोठी केली,
मग तो दांडगा मासा, घोळीचा कुणी भाऊबंद,
त्याच्या डोळ्यावर थांबली.

'परवाचं हाय.'
'काय?'
'म्हावरं. डोला बसलाय बघ. पोट सुटलंय.
ह्यो शेवंड तर उकडून ठेवलाय, बाकी सगला कच्चा,
कसलं घर म्हनायचं हे!
चितारी रोज थोडं थोडं काढत बसला असंल.
म्हावरं थांबतंय व्हय त्याच्यासाठी?'

या चित्रावरचे अकरा लेख मी वाचले होते,
शब्दकोश उघडा ठेवून.
एकातही हे नव्हतं.

'आनि धरलं कोनी?' तिनं विचारलं.
मी खाली सरकवत गेलो.
चित्रकाराचं नाव, जन्म, मृत्यू,
कॅनव्हासवर तैलरंग, उंची, रुंदी,
कुणा बाईनं नवऱ्याच्या स्मरणार्थ दिलेलं,
चौकटसुद्धा कुठल्या लाकडाची ते होतं.
'नाही लिहिलेलं,' मी म्हणालो.
'नसनारच,' ती म्हणाली, आणि पाटी उचलली.

काचेवर एक खवला राहिला होता, खरा.
चित्रातल्या खवल्यांपुढे
अगदीच निस्तेज दिसत होता.
तरी तो मी लगेच पुसला नाही.

आता जून. बंदी लागलीय.
होड्या वर ओढून झापांखाली झाकल्या,
कॉम्प्रेसर गप्प आहे.
मला पायरीवर यायचं काही कारण नाही, तरी येतो.
द्रौपदालाही बर्फ नकोय.
रिकामी पाटी उलटी घालून तिच्यावर बसते,
दातांत मिश्री लावता लावता विचारते,
'काय रं, तुझ्या त्या बाजारात आज काय आलंय?'

मी शोधतो. रेंज येते, जाते.
आज नुसती लिंबं आहेत, मी सांगतो.
लिंबं, आणि एक काचेचा पेला.

'दाखव तरी,' ती म्हणते.